सिक्स्टनच्या गाडीला चार गिऱ्हाइकं

आमच्या क्लबचा नियम असा, की शर्यत संपली की शर्यतीचं लायसन्स असलेला कुणीही कुणाचीही गाडी ठरलेल्या किमतीत मागू शकतो. पेटीत चिठ्ठी टाकायची, बस्स. जास्त चिठ्ठ्या आल्या तर सोडत. मालक नाही म्हणाला तर त्याचं लायसन्स गेलं. गाडीवर कुणी उगाच मेहनत ओतू नये म्हणून केलेला हा नियम स्वीडनमधल्या आमच्या सगळ्या व्हेर्मलांड प्रांताला कळतो. माझ्या नवऱ्याला, सिक्स्टनलाच तेवढा कळत नाही.

हा बाबा हिवाळाभर गॅरेजमध्ये खपतो. गाडी सुधारली की धावते, आणि धावली की संध्याकाळी दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढते. अशा तीन गेल्या. "सगळे मेले आयत्या बिळावरचे नागोबा!" म्हणत तो पुन्हा चौथीखाली शिरला. ही साब कंपनीची जुनी टर्बोवाली गाडी.

"ही नाही जाऊ देणार, अल्फहिल्ड," तो म्हणाला. "गुडघे गेले माझे. ही शेवटची. ही घरीच राहणार."

त्याचे गुडघे रोज रात्री मीच चोळते, त्यामुळे हे खरं होतं. पुढची गाडी होणार नव्हती.

या साबचं दुखणं एकच. टर्बोनं दाब धरायला घेतला की त्याचं झाकण लवकर उघडायचं आणि ऐन चढावर गाडी मरगळायची. झाकणाकडे जाणाऱ्या बारीक नळीतली थोडी हवा बाहेर सोडली तर ते उशिरा उघडेल, असं त्यानं मला टेबलावर चमचे मांडून समजावलं. मी हो हो केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर फिशटँकमधले बुडबुडे बंद!

"सिक्स्टन, हवेचा व्हॉल्व्ह कुठाय?"

"अगं, एवढा बारीक फिरणारा व्हॉल्व्ह दुकानात मिळत नाही."

"आणि मासे?"

"माशांना कुठं चढ चढायचाय?"

कपाळ माझं! पण गाडीनं जोर धरला, हे मान्य करायला हवं.

मग सुरू झालं नाटक. गाडी कुणी मागू नये म्हणून यानं तिच्यावर बादल्या भरून चिखल ओतला, सायलेन्सर तारेनं बांधला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "खटारा आहे हो, घरी परत पोचली तरी खूप." शर्यतीच्या दिवशी माझा धाकटा भाऊ यल्मार गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "दाजी, ही पळवायला आणलीय की भंगारात घालायला?" दाजी खुशीत हसले.

आणि पठ्ठ्या जिंकला! खाणीच्या चढावर सगळ्यांना मागं टाकून, पहिला. मी कॉफीच्या स्टॉलवरून इतकी ओरडले की सॉसेज करपले.

लोक येऊन त्याची पाठ थोपटायला लागले. "काय चालवलीस रे! असल्या डबड्यात! मानलं तुला!" चिठ्ठ्यांची पेटी माझ्या स्टॉलशेजारीच होती. त्याच्या गाडीसाठी एकही चिठ्ठी पडली नाही. झालं की मनासारखं! मी दालचिनीचा पाव पुढं केला, तर याचं तोंड एवढंसं.

"आता काय झालं?"

"डबडं म्हणतात गं तिला."

"तूच सांगत होतास ना गावभर?"

"मी चांगला चालवतो म्हणे! मला कधी चालवता आलीय? सगळं तिनं केलं." त्याचे डोळे भरून आले. "आजवर माझी गाडी कुणालाच नको, असं कधी झालं नव्हतं."

पेटी बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला. हा तरातरा गेला आणि बॉनेट उघडून उभा राहिला. "या, बघा! हा व्हॉल्व्ह मी बसवलाय!"

मी म्हटलं, संपलं. आता झुंबड उडणार. मी स्टॉलवरच्या दोघींना, सिग्ने आणि रागनबोर्गला, हाताला धरून पेटीकडे ओढलं. महिला गटाचं लायसन्स तिघींकडेही आहे. जितक्या आपल्या चिठ्ठ्या, तितकी गाडी घरी राहण्याची आशा. टाकल्या तीन.

जरा वेळानं लाऊडस्पीकर खरखरला. "सिक्स्टनची साब. चार जणांनी मागितली. सोडतीत गेली यल्मारला."

मी तडक भावाला गाठलं. "मेल्या, बहिणीच्या घरावर दरोडा?"

"हळू बोल, ताई," तो म्हणाला. "दाजींची गाडी बाहेर जाऊ नये म्हणून टाकली मी चिठ्ठी. उद्या परत आणून सोडतो. ते बाकीचे तिघं कोण, देव जाणे. लोक तर फिशटँकचा व्हॉल्व्ह बघून पोट धरून हसत होते. इंजिन फुटेल म्हणत होते. कुणीच पेटीकडे फिरकलं नाही."

पलीकडे सिक्स्टन बॉनेटवर हात ठेवून उभा होता, आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी ताठ नव्हती त्याची मान.

"परत आणायची नाही," मी म्हटलं.

"अगं पण ताई, मी काय करू तिचं?"

"शर्यतीत पळव. आणि त्याला विचारत जा, व्हॉल्व्ह किती फिरवू म्हणून. परत आणलीस तर मला बहीण म्हणू नकोस."

घरी येताना मागं रिकामा ट्रेलर खडखडत होता. मला रडू येत होतं, तर हा गुणगुणत होता.

"गेली बघ शेवटी," तो म्हणाला. "पण चार जण, अल्फहिल्ड! चार! यल्मार तर घरचाच. ते दुसरे तिघं कोण असतील गं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी कॉफी विकत होते."