खांद्याची रेघ

तेहतीस वर्षं सुई धरल्यावर सोलांज केर्मारेकला पुन्हा शाळेत बसवलं होतं, आणि तेही एका एकतीस वर्षांच्या पोरीसमोर. शिवणघराच्या प्रमुख बाई वसंतात निवृत्त होणार होत्या. त्यांची खुर्ची सोलांजची, हे पॅरिसातल्या त्या जुन्या इमारतीत झाडूवालीपासून मालकिणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण नव्या व्यवस्थापकानं कागद मागितला. पुतळ्यावर कापड बेतण्याच्या वरच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणा, मग बघू. नाही आणलं तर बाहेरचं कुणीतरी येऊन त्या खुर्चीत बसणार, आणि सोलांजनं त्याच्या हाताखाली टाके घालायचे.

मग काय, आली बिचारी. वर्गात नऊ जण होते आणि नऊही दिव्य. एकीची नखं एवढी लांब की टाचणी उचलताना तिचा अर्धा तास जायचा. एक दाढीवाला मांजरपाटाचा तुकडा तीनतीनदा ताणून बघायचा, तरी उभा धागा कुठला नि आडवा कुठला हे त्याला उमगत नव्हतं, पण आपण काढलेल्या कपड्यांच्या चित्रांना नावं मात्र झोकात द्यायचा. सोलांज त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची आणि जेवणाच्या सुट्टीत आपला डबा घेऊन जिन्यात जाऊन बसायची. असल्यांच्या पंगतीला कोण बसणार?

आणि शिकवणारी क्लेमांस! तिचं सगळं पट्टीवर. पुतळ्याच्या फक्त उजव्या अर्ध्या अंगावर मांजरपाट लावा, टाचण्या मारा, खुणा करा, काढून कागदावर उतरवा, मोजा, मग कागद मधोमध दुमडून डावी बाजू तशीच कापा. रेघ मारली की पट्टी, वळण आलं की पुन्हा पट्टी.

"अर्धी बाई कधी बघितलीयत का हो, बाईसाहेब?" सोलांजनं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर विचारलं.

क्लेमांस हसली. सवय म्हणून करा, म्हणाली, पुढे पूर्ण अंग करूच. सोलांजला ते हसणंही आवडलं नाही. हिला काय माहीत! दे ब्रिसार बाईंचे कपडे बावीस वर्षं सोलांजनं बेतले होते. तरुणपणी घोड्यावरून पडून त्या बाईंचा उजवा खांदा बोटभर खाली आलेला. भल्याभल्यांनी हात टेकले होते. सोलांजनं त्यांच्या मापाचा पुतळा कापूस भरभरून तयार केला आणि त्यावर असे कपडे बेतले, की त्या दारातून आत आल्या तर लोकांना वाटावं, काय ताठ चालते ही बाई. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, त्याही सोलांजच्याच जाकिटात.

बाकीच्या गिऱ्हाइकांबद्दल मात्र तिला काडीचा आदर नव्हता. आजकाल पॅरिसात एकाही बाईला सरळ उभं राहता येत नाही, असं तिचं ठाम मत. जाकीट घालून बघताना जरा ओढल्यासारखं झालं की यांच्या तक्रारी सुरू. "नीट उभ्या राहा," एवढंच सोलांज म्हणायची, आणि त्या नीट उभ्या राहिल्या की जाकीट बसायचंच.

परीक्षा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी पुतळ्यावर अंगाबरोबर बसणारं जाकीट बेतून कागदावर उतरवायचं, दुसऱ्या दिवशी मांजरपाटात शिवून जिवंत मुलीच्या अंगावर घालून दाखवायचं. सोलांजनं पूर्ण अंगाची परवानगी मागून घेतली. दोन्ही खांदे, बाह्या जोडायचे दोन्ही मुंढे, सगळं तासाभरात टाचून मोकळी. पुतळ्यावर ते इतकं सुरेख बसलं, की दाढीवाला आपलं काम टाकून बघत राहिला. मग कापड काढून तिनं कागदावर अंथरलं आणि खुणांवरून रेघा पक्क्या केल्या. पट्टी न घेता, नजरेनं. पट्टी डोळे नसलेल्यांसाठी असते, असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इनेस नावाची सडसडीत मुलगी वर्गात उभी राहिली. इतरांची जाकिटं झाली. कुणाची बाही वळत होती, कुणाची कंबर पोत्यासारखी. खांदे मात्र सगळ्यांचे बसले. शेवटी सोलांजचं जाकीट घातलं. पाठ सुरेख, कंबर सुरेख. उजव्या खांद्याच्या टोकाशी कापड ओढलं गेलं आणि गळ्यापाशी दोन घड्या उठल्या.

सोलांज जागची हललीसुद्धा नाही. "नीट उभी राहा ना गं."

पोरगी घाबरली. तिनं इकडे झुकून पाहिलं, तिकडे झुकून पाहिलं, उजवा खांदा थोडा खाली सोडला. घड्या गेल्या. सोलांजनं क्लेमांसकडे बघून हात पसरले.

क्लेमांस टेबलापाशी गेली. सोलांजचा कागदाचा साचा तिनं मधल्या रेघेवर दुमडला आणि खिडकीच्या काचेवर धरला. गळ्याला गळा जुळला, मुंढ्याचा तळ जुळला. उजव्या खांद्याची रेघ डावीपेक्षा बोटभर खाली होती.

"हिचे दोन्ही खांदे सारखे आहेत, सोलांजबाई. सकाळी मीच मोजलेत," ती हळूच म्हणाली. "हा कुणाचा खांदा आहे?"

सोलांजला विचार करावा लागला नाही. बावीस वर्षांत तिचा हात तेवढी एकच बाई शिकला होता. पुढची परीक्षा शरदात, असं क्लेमांस काहीतरी सांगत होती, आणि खुर्ची तर वसंतातच भरणार होती. पण सोलांजच्या डोळ्यांपुढे भलतंच येत होतं. ती राजदूताची बायको, जाकीट घेऊन तीनदा परत आलेली. ती डॉक्टरीणबाई, जिला तिनं पोक काढते म्हणून झापलं होतं. एकेक जण तिच्यासमोर आरशात उभी राहिली, घाबरली, आणि मुकाट्यानं खांदा पाडून, पैसे देऊन घरी गेली. स्वतःची एवढी किळस तिला कधी आली नव्हती. वर्गात कुणी हसलंही नाही. हसले असते तर निदान त्यांच्यावर डाफरता आलं असतं.

इनेस अजून तशीच, खांदा पाडून उभी होती.

"वर घे तो खांदा, पोरी," सोलांज म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

मुलीनं खांदा वर घेतला, आणि गळ्यापाशी त्या दोन घड्या पुन्हा उठल्या.