थॉर्नसाइकचे थॉर्नसाइक

थॉर्नसाइक हे शेताचं नाव आणि तिथल्या माणसांचंही. यॉर्कशरच्या डोंगरावरचं ते दगडी घर आणि भोवतीचं मेंढ्यांचं रान विनिफ्रेडचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या खंडानं कसत आलं होतं. आता मालकानं ते विकलं. पंचवीस मार्चला, खंडाचं वर्ष संपतं त्या लेडी डेला, घर रिकामं करायचं होतं.

विनिफ्रेडला स्वतःची फिकीर नव्हती. एकाहत्तरीची बाई कुठंही पाठ टेकते. घोर होता तो आर्नल्डचा. धाकटा भाऊ, वय सहासष्ट, समज आठ वर्षांच्या पोराची. चहा विनीच्या हातचाच लागायचा, बुटाची नाडी तिनंच बांधायची. त्याला साठ मैलांवरच्या सरकारी आश्रमात ठेवणार होते. तिथं तिला जागा नव्हती.

एकच दार उघडं होतं. गावातल्या चर्चमागं निराधार म्हाताऱ्यांसाठी सहा घरं होती. लोकरीचा व्यापारी रॉबर्ट थॉर्नसाइक यानं ती तेराशे बासष्ट साली बांधली आणि दानपत्रात लिहून ठेवलं, की आपल्या रक्ताच्या माणसाचा पहिला हक्क, सोबत सांभाळावं लागणारं भावंड असेल तर त्याचाही. एक घर रिकामं होतं. विश्वस्तांची अट एवढीच, की घराण्याचा पुरावा जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातून थेट टपालानं यावा, अर्जदाराच्या हातून नको.

दफ्तरखान्यातले हेबलथ्वेट तीन आठवडे खपत होते. एका सोमवारी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"झालं बाई तुमचं काम. तेराशे एकोणऐंशीच्या डोईपट्टीच्या यादीत टॉमस थॉर्नसाइक आहे. त्याच्यापासून तुमच्यापर्यंत बाप-लेक, बाप-लेक, एक कडी तुटलेली नाही. एवढ्यावर कर्नलसाहेब मान डोलावतील."

कर्नल ऑड्सली विश्वस्तांचे अध्यक्ष. त्यांनी अर्ज घेताना "बघू या" म्हटलं होतं, आणि ते विनिफ्रेडला झोंबलं होतं.

"आणि टॉमसचा बाप कोण?" तिनं विचारलं.

"तो कशाला हवाय?"

"रॉबर्टचा भाऊ असणार, नाहीतर पुतण्या. थॉर्नसाइकात थॉर्नसाइकांशिवाय कोण राहणार होतं? ते लिहून येऊ दे म्हणजे कर्नलचं तोंड कायमचं बंद."

"खणलं की काय निघेल सांगता येत नाही हो."

"खणा! आणि सापडलं की पाठवून मोकळे व्हा, मला विचारत बसू नका."

गर्व, दुसरं काय! वाढलेलं ताट पुढ्यात होतं आणि बाईंना शिगोशीग हवं होतं.

गुरुवारी ती गेली तेव्हा हेबलथ्वेट उठून उभे राहिले. एरवी ते कुणासाठी उठत नसत. त्यांनी एक जुनं चामडी भेंडोळं उलगडलं आणि बोट ठेवून लॅटिनचा अर्थ सांगू लागले.

"जमीनदाराच्या कचेरीची ही नोंद, तेराशे एक्कावन्नची. महामारीत थॉर्नसाइकचं सगळं घर मेलं. रॉबर्ट तेवढा शहरात होता म्हणून वाचला, पण त्यानं शेत नको म्हटलं. दोन वर्षं ते ओस पडलं. मग कुणी ॲडम आला. परका. बाप ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. त्यानं ते कसायला घेतलं. पुढच्या नोंदीत तोच 'थॉर्नसाइकचा ॲडम' झालाय. टॉमस त्याचा मुलगा."

"म्हणजे?"

"तेव्हा तसंच होतं, बाई. शेत घेतलं की शेताचं नाव लागायचं. रक्ताचा संबंध नाही."

विनिफ्रेडनं टेबलाची कड धरली. "ते लिहू नका."

"लिहिलं."

"मग पाठवू नका!"

"मंगळवारीच गेलं. तुम्हीच सांगितलं होतंत." ते भेंडोळं गुंडाळू लागले. "सोमवारी थांबला असतात, तर मीही थांबलो असतो."

ती तडक कर्नलच्या घरी गेली. आयुष्यात तिनं कुणापुढं हात पसरला नव्हता. त्या दिवशी तिनं कर्नलची बाही मुठीत धरली ती सोडलीच नाही.

"सहाशे वर्षं राबलोय आम्ही तिथं. सहाशे!"

"शेतात राबलात, मिस थॉर्नसाइक. कुणी नाही म्हणत नाही." माणूस वाईट नव्हता. "मला तुमचं नावच पुरलं असतं. पण आता वाचलेलं न वाचल्यासारखं कसं करू? काल सभेत पाचही विश्वस्तांनी वाचलंय."

"मला नका देऊ. आर्नल्डला एकट्याला द्या."

"त्याला एकट्याला कोण सांभाळणार?"

घरी येताना ती चढावर दोनदा बसली. आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही आर्नल्डच्या पायावर, हे तिला गिळवेना.

त्याला काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून तिनं ॲडमचीच गोष्ट सांगितली. ती त्याला भलतीच आवडली. कोंबड्यांना दाणे टाकताना तो तीच घोकायचा, "रिकामं घर होतं. तो आला. मग त्याला नाव मिळालं."

पंचवीस मार्चला आश्रमाची गाडी आली. ते निघाले तेव्हा नव्या मालकांचं सामान दारात उतरत होतं आणि आर्नल्ड मागच्या काचेतून घर दिसेनासं होईतो बघत होता. विनिफ्रेड त्याला पोचवायला गेली. संध्याकाळच्या बसनं ती एकटीच परतणार होती, धाकट्या चुलतबहिणीच्या माळ्यावर.

आश्रमाच्या टेबलामागची बाई हसतमुख होती. "या आजोबा. नाव काय तुमचं?"

"आर्नल्ड."

"आणि आडनाव?"

आर्नल्ड विनीकडं वळला. कपाळाला आठी घालून, हिशेब लागत नसलेल्या पोरासारखा.

"विनी, आपल्या घरात ती माणसं आली ना? म्हणजे आता ती थॉर्नसाइक." त्यानं तिचा कोट ओढला. "मग आपण कोण गं?"

टेबलामागची बाई पेन टेकवून थांबली होती. विनिफ्रेड खाली वाकली आणि त्याच्या बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.