दाण्यावरचा आळ

माझं कुणी ऐकलं नाही. ऐकणार तरी कसं? मी दगडाची उखळी. पण त्या घरात खरं काय ते मला आधीपासून ठाऊक होतं. ऐकलं असतं, तर शाल्मलीवर ती वेळ आली नसती.

मी गोकाककडच्या काळ्या दगडाची. पाथरवटाने घाव घालून मला पोट दिलं. महानंदा लग्न होऊन निपाणीहून निघाली तेव्हा बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची बाई म्हणाली, "बेंगळुरात दगड मिळत नाहीत काय?" महानंदा म्हणाली, "मिळतील की. पण त्यांना आमची चटणी कुठं ठाऊक?"

मल्लेश्वरमच्या त्या स्वयंपाकघरात काय दिवस होते माझे! भाजलेले दाणे, तीळ, लसूण, तिखट माझ्या पोटात पडायचं. बत्त्याचा आवाज ऐकला की वरच्या मजल्यावरची गंगव्वा वाटी घेऊन खाली. "अक्का, स्वल्प चटणी." स्वल्प म्हणायची आणि वाटी आणायची मोठी!

मग महानंदाच्या मुलाने, योगीराजने, बायको आणली. शाल्मली, पुण्याची. कोरमंगल्यात नोकरी. सुट्टीच्या दिवशी भाजक्या शेंगा घेऊन ती माझ्या शेजारी बसायची, फोडून फोडून खायची. काही होत नव्हतं तिला. मी बघत होते ना!

एकदा तिने भाकरीबरोबर माझ्यातली चटणी खाल्ली. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या.

"पित्त आहे," महानंदा म्हणाली. "हॉटेलातलं खाल्लं की होणारच." आणि आमसुलाचं पाणी चोळत बसली.

"आई, पित्त नाही हो. घसा आवळतोय माझा."

"पुण्याची नाजूक माणसं!"

त्या वेळी आपोआप उतरलं. पुन्हा झालं तेव्हा योगीराजने मोबाईलवर वाचून सांगितलं, दाण्यांची अ‍ॅलर्जी असते म्हणे. झालं. दाणे घराबाहेर आणि त्यांच्याबरोबर मीही बाल्कनीत. माझ्या पोटात दोघं होते, पकडलं एकालाच. तपासणीचं नाव कुणी काढलं नाही.

संक्रांत आली. महानंदाने सुनेसाठी वेगळा एळ्ळु-बेल्ला केला, म्हणजे इकडचा तीळगूळच, दाणे-खोबरं घातलेला. दाणे काढले आणि त्यांच्या जागी तीळ दुप्पट घातले. मायेने हो! खिडकीतून भाजल्या तिळाचा वास आला आणि मी आतल्या आत किंचाळले. दगडाचं किंचाळणं कुठं ऐकू जातं?

शाल्मलीने मूठभर तोंडात टाकलं. थोड्या वेळात तिला श्वास घेता येईना, ती भिंतीला धरून खाली बसली. योगीराज तिला उचलून धावला. मागून महानंदा, अनवाणी.

मांडीत इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई महानंदाला म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं तितकं हे क्वचित नाही. कुणाला दूध चालत नाही, कुणाला अंडं, कुणाला कोळंबी. कुणाला मधमाशी चावली की होतं, कुणाला दुखण्याच्या साध्या गोळीने. जगाला चालतं ते हिला चालेलच असं नाही." घरी येऊन महानंदाने हे सगळं मला सांगितलं, बाल्कनीत बसून, रडत. सुनेपुढे आपली चूक कबूल करायची हिंमत नव्हती.

आता शाल्मलीच्या पर्समध्ये इंजेक्शन असतं. दाणे घरात परत आले. मी नाही. माझ्या दगडात तेल मुरलंय, घासून निघायचं नाही. सरी, असू दे. चिमण्या पाणी पितात माझ्यात. बत्त्याची आठवण येते, पण तक्रार नाही. बायांनो, एकच मागते: कुणी म्हणालं घसा आवळतोय, तर पित्त पित्त करत बसू नका. गाडी काढा.

परवा, यंदाच्या संक्रांतीला, गंगव्वा ताट घेऊन दारात आली. "सुनेला दे, अक्का. दाणा एक ठेवला नाही बघ, सगळे वेचून काढले."

महानंदा दारात आडवी उभी राहिली. "दाण्याने काही केलं नव्हतं गं."

"मग कुणी केलं?"

जन्मभर ज्याच्या नावाने गोड बोला म्हणत आली, त्याचं नाव तिच्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाली,

"तीळ."