कप्तान कोण

दिनकरराव रुजू झाले त्याच आठवड्यात कॉलेजच्या फुटबॉल टीमचा एक सामना होता. टीम सहा गोलांनी हरली. हरण्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. तरुणपणी हैदराबादला खेळताना त्यांनी याहून मोठे मार खाल्ले होते. खटकलं ते वेगळंच.

फुलबॅक मुंजाजी दोन फॉरवर्डच्या मधे सापडला होता. मागे गोली मोकळा उभा होता, हात पुढे करून. चेंडू नुसता मागे सरकवला असता तर गोलीनं उचलून लांब मारला असता. मुंजाजीनं तसं केलं नाही. त्यानं चेंडू आपल्याच गोललाइनीबाहेर मारला आणि समोरच्यांना कॉर्नर दिला. थोड्या वेळानं दुसऱ्या बॅकनंही तेच केलं. कॉर्नरवरूनच गोल होत राहिले.

सामना संपल्यावर गोली सिताराम खांबाला टेकून बुटाचे बंद सोडत बसला होता. दिनकरराव त्याच्याजवळ जाऊन बसले.

"तुला बॉल का देत नाहीत रे ही पोरं?"

"देत न्हाईत, सर. मीबी मागत न्हाई."

"कधीपासून?"

सितारामनं बूट बाजूला ठेवला. "दोन वर्सं झाली."

एवढ्यावर दिनकररावांना कळलं. दोन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत, विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत बौद्धांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. बाकीचं पुढे गावात कानावर आलं. सिताराम आणि मुंजाजी एकाच गावचे. सितारामचं घर त्यात जळालं. वडील आधीच वारलेले. आई पंचफुला पोराला घेऊन तालुक्याला आली आणि स्टेशनामागच्या वस्तीत राहिली. मुंजाजी त्याच गावच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. ठरावाच्या आधीच्या हिवाळ्यात, दोघं कॉलेजात नवे असताना, याच टीमनं औरंगाबादला विद्यापीठाची उपांत्य फेरी गाठली होती. त्यानंतर एक वर्ष टीम निघालीच नाही. निघाली ती अशी.

दिनकरराव मूळचे सोनपेठचे, शेतकरी घरातले. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, मार्चपर्यंतची. संस्थेचे सचिव आबासाहेब त्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "टीम पुन्हा उभी करा. मार्चपर्यंत विभागाची ढाल आणा, मग कायम करायचं बघू."

कॉलेजचं मैदान गावाबाहेर, देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. काळ्या मातीवर मुरूम टाकलेला, तोही जागोजागी खचलेला. पाऊस उघडल्यावर दिनकररावांनी तिथं पहाटेचा सराव सुरू केला आणि एकच नियम घातला. प्रत्येक चाल गोलीपासून सुरू होणार. चेंडू मिळाला की आधी मागे, सितारामकडे. त्याचा हात लागल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही.

पहिल्या दिवशी चेंडू मुंजाजीच्या पायाशी आला. त्यानं तो पुढे मारला. दिनकररावांनी शिट्टी वाजवून चेंडू परत आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला.

"मागे."

मुंजाजी उभाच राहिला. बाकीची पोरं त्याच्याकडे बघत होती. टीममध्ये त्याचाच शब्द चालायचा. तो देत नव्हता म्हणून कोणीच देत नव्हतं.

"दे नाहीतर बसू," दिनकरराव म्हणाले आणि खरंच खाली बसले. ऊन चढलं. कॉलेजची घंटा झाली. चेंडू तिथंच पडून राहिला आणि पोरं मुकाट्यानं वर्गात गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी काही पोरं आलीच नाहीत, आणि गावात बोलणं सुरू झालं की नवा सर पोरांना मातीत बसवायलाय.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मुंजाजीचा संयम सुटला. त्यानं चार पावलं मागे घेऊन सगळा जोर लावून चेंडू मारला, थेट सितारामच्या तोंडावर. सितारामनं हात वर नेला, पण उशीर झाला. चेंडू नाकावर आदळून छातीशी आला आणि त्यानं तो तिथं दाबून धरला. शर्टावर रक्त सांडायला लागलं. पोरं जागच्या जागी थिजली. आता हे दोघं भिडणार, असंच दिनकररावांना वाटलं. ते उठले, पण मधे गेले नाहीत.

सितारामनं बाहीनं नाक पुसलं. मग चेंडू जमिनीवरून सरळ मुंजाजीच्या पायाशी सोडला.

"पुन्हा दे," तो म्हणाला.

मुंजाजीचा चेहरा पांढरा पडला होता. या वेळी त्यानं चेंडू हळू दिला.

"मैत्री करा असं मी म्हणत नाही," दिनकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मनात काय ठेवायचं ते ठेवा. मैदानात बॉल द्यायचा. बास."

तिथून टीम सावरायला लागली. गेलेली पोरं परत आली. उशिरा येणाऱ्याला कोणी हसेना, त्याची वाट बघायला लागले. दिवाळीनंतर त्यांनी सेलूत एक सामना जिंकला, मग मानवतला, मग विभागाच्या स्पर्धेत लागोपाठ. दिनकररावांनी सितारामला कप्तान केलं. कारण साधं होतं. सगळं मैदान त्यालाच दिसायचं, आणि गोल खाल्ल्यावर त्याचा आवाज चढत नसे. कप्तानाची पिवळी पट्टी त्याच्या दंडावर बसली तेव्हा दोघातिघांनी मान फिरवली. मुंजाजी काही बोलला नाही, म्हणून तेही गप्प बसले.

विभागाचा अंतिम सामना कॉलेजच्याच मैदानावर ठरला. परभणीची टीम येणार होती. सामन्याच्या आदल्या दुपारी आबासाहेबांनी दिनकररावांना वाड्यावर बोलावलं. चहा आला. आबासाहेब बराच वेळ पावसापाण्याचं बोलले.

"एक तेवढं करा," शेवटी ते म्हणाले. "उद्यापुरता कप्तान बदला."

"का, साहेब?"

"तुमी बाहेरून आलात, दिनकरराव. इथलं वातावरण तुम्हाला माहीत न्हाई. उद्या चार गावचे लोक येणार. पोरगं चांगलं हाय, खेळू द्या की. मी कुठं नको म्हणतो? पण ढाल घ्यायला तो पुढं आला आन् कोणी काही बोललं, तर निस्तरायचं कुणी? मुंजाजीला करा. त्याच्या घरचे बी येणार हायेत."

दिनकररावांनी कप खाली ठेवला. आबासाहेब हसून म्हणाले, "मार्चमध्ये तुमचं काम माझ्याकडंच येतंय."

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. लक्ष्मीबाई पोरीची वेणी घालत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "हे आपलं तिसरं गाव. पोरगी आत्ता कुठं शाळेत रमली." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "मी काही सांगत न्हाई. तुमचं तुमी बघा." पण जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

संध्याकाळच्या सरावाला दिनकररावांनी सितारामला बाजूला घेतलं. शब्द जुळवून आणले होते, ते तोंडातून निघेनात. सितारामनं त्यांच्याकडे बघितलं, दंडावरची पट्टी सोडली आणि त्यांच्या हातात दिली.

"उद्या खेळू ना मी?"

"खेळायचंच आहे तुला."

"मग झालं," असं म्हणून तो गोलकडे गेला.

पोरं पांगल्यावर दिनकररावांनी पट्टी मुंजाजीला दिली. त्यानं ती घेतली आणि मुठीत धरून उभा राहिला.

"सर, मला हे जमायचं न्हाई."

"का?"

"वस्ती पेटली त्या दिशी मी आमच्या माळवदावर होतो. चुलता पेटवणाऱ्यांत होता. मला खाली जाता आलं असतं. मी गेलो न्हाई. वरून बघत राहिलो." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "सित्या मायला घेऊन पळताना त्यानं वर बघितलं. मला बघितलं त्यानं. तवापासून मला त्याच्याकडं तोंड करता येत न्हाई. पोरांना वाटतं मी जातीवरून बॉल देत नव्हतो. मी वळूनच बघत नव्हतो, सर."

दिनकररावांना हे अपेक्षित नव्हतं. महिनोन्‌महिने ते ज्याला द्वेष समजत होते, ती लाज होती. पण आबासाहेबांचं हसणंही त्यांच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

"हे त्याला सांग," ते म्हणाले. "पट्टी मात्र उद्या तूच बांध."

रात्रभर त्यांना स्वतःचीच चीड येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला माणूस मावत नव्हता. वालूरहून, आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. एका बाजूला शामियान्यात आबासाहेब, तहसीलदार आणि पाहुणे बसले होते. समोरच्या बाजूला स्टेशनामागच्या वस्तीतली माणसं उभी होती. दोन्ही गर्दींच्या मधे थोडे पोलीस होते. कुणी घोषणा देत नव्हतं, आणि ती शांतताच दिनकररावांना जास्त भीतीची वाटत होती.

नाणेफेकीसाठी रेफ्रीनं शिट्टी वाजवली. परभणीचा कप्तान मधोमध जाऊन उभा राहिला. इकडून कोणी हललं नाही.

"कप्तान कोण?" रेफ्रीनं विचारलं.

मुंजाजीच्या दंडावर पट्टी नव्हती. ती अजून त्याच्या मुठीत होती. रेफ्रीनं पुन्हा विचारलं. शामियान्यातून आबासाहेब उठून बघायला लागले.

मुंजाजी दिनकररावांकडे वळला. "सर, तुमी सांगा. कप्तान कोण?"

मुंजाजीचं नाव घेणं सोपं होतं. ते ओठांवर आलंही होतं. मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, शामियान्यापर्यंत पोचेल एवढा मोठा.

"सिताराम."

मुंजाजीनं पट्टी पुढे केली. सितारामनं ती घेतली नाही.

"काल काढली, आज बांधता," तो दिनकररावांना म्हणाला. "माझी काय गंमत हाय का, सर?"

"काल मी भ्यालो," दिनकरराव म्हणाले.

"आन् आज?"

"आजही भ्यालेलोच आहे."

सितारामनं मुंजाजीच्या हातातली पट्टी घेतली, एक टोक दातात धरून दंडावर आवळली आणि मधोमध चालत गेला. शामियान्याकडून कुजबुज उठली. समोर वस्तीच्या बाजूनं एक शिट्टी आली, मग टाळ्या.

परभणीची पोरं चपळ होती. त्यांचे पास आखूड आणि झपझप होते. पहिल्या काही मिनिटांतच त्यांनी मुंजाजीला कोपऱ्यात दाबलं. मुंजाजीनं मान वळवली, सितारामकडे बघितलं आणि चेंडू मागे दिला. पास बरोबर होता. पण मुरूम खचलेल्या जागी चेंडू उसळला, सितारामच्या हातावरून गेला आणि गोलमध्ये घुसला.

मैदानावर एकच गोंगाट झाला. "मुद्दाम सोडला!" कोणीतरी ओरडलं. दुसरीकडून मुंजाजीला शिव्या पडल्या, की त्यानंच मुद्दाम मारला. एक दगड येऊन गोलच्या जाळीत अडकला. पोलीस पुढे सरकले. दिनकरराव मैदानाच्या रेषेवर उभे होते. आता ही टीम फुटणार, असंच त्यांना वाटलं.

सितारामनं जाळीतून आधी दगड काढून बाहेर टाकला, मग चेंडू. मुंजाजी त्याच्याजवळ गेला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. सितारामनं खचलेल्या जागेकडे बोट दाखवलं, मग तिच्या डाव्या बाजूला. "इकडून दे," असा त्याचा इशारा होता.

थोड्याच वेळात मुंजाजी पुन्हा दाबला गेला. प्रेक्षकांतून "बाहेर मार, बाहेर मार" असा ओरडा उठला. त्याचा चुलताही त्यांत ओरडत होता. मुंजाजीनं चेंडू मागे दिला, डाव्या बाजूनं. सितारामनं तो उचलला आणि लांब मारला. पुढे काही झालं नाही, चाल वाया गेली. पण त्यानंतर दुसऱ्या बॅकनंही मागे दिला, हाफनंही दिला. पोरं पुन्हा श्वास घेऊन खेळायला लागली.

मध्यंतरात दिनकरराव फार बोलले नाहीत. "असंच," एवढंच म्हणाले आणि पाण्याची घागर पुढे केली. सगळे एकाच गडव्यानं प्यायले. त्या दिवशी त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

उत्तरार्धात कॉर्नरवरून बरोबरी झाली. शेवटी शेवटी सितारामनं परभणीचा एक फटका बोटांच्या टोकानं वर उचलला, चेंडू दांड्याला लागून परत आला आणि मुंजाजीनं तो रेषेवरून दूर काढला. त्याच चालीत सितारामच्या टीमच्या फॉरवर्डनं समोर एकट्यानं पळत जाऊन गोल केला. शिट्टी झाली तेव्हा मुंजाजी गोलसमोर उताणा पडला होता आणि सिताराम त्याच्याशेजारी बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण उठतही नव्हते.

ढाल आबासाहेबांनी स्वतःच दिली. तहसीलदार शेजारी उभे होते, म्हणून हसूनच दिली. सितारामनं ती दोन्ही हातांनी घेतली. कोणी काही बोललं नाही. मार्च संपताना दिनकररावांना कळवण्यात आलं की नेमणूक पुढे चालणार नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. लक्ष्मीबाईंनी सामान बांधायला घेतलं. बांधताना एकदाच म्हणाल्या, "पोरीला मी समजावलंय."

गाव सोडण्याआधी मुंजाजी त्यांच्याकडे आला. त्याच्या गावात टीमचा सत्कार ठरला होता. सितारामनं यावं अशी त्याची इच्छा होती, पण सिताराम म्हणाला होता की माय येत असेल तर येतो. विचारायला एकट्यानं जायचा धीर होत नव्हता.

दोघं स्टेशनामागच्या वस्तीत गेले. पंचफुला दारात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, दिनकररावांना बाज दिली. मुंजाजी उभाच राहिला.

"बस की," ती म्हणाली. मग तो खाली बसला.

त्यानं सत्काराचं सांगितलं. मग, कुणी न विचारता, माळवदाचंही सांगितलं. सिताराम आत चुलीपाशी होता. त्यानं चहा गाळणं थांबवलं. पंचफुलानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही.

"सितारामला जायचं असलं तर जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "त्यो खेळला, मान त्याचा हाय. मी येनार न्हाई. त्या येशीतून मला पुन्हा जायचं न्हाई."

मुंजाजीनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. सितारामनं बाहेर येऊन त्याच्यासमोर चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. रुळांवरून एक मालगाडी गेली.

ते निघाले तेव्हा पंचफुला सूप घेऊन पुन्हा बसली होती. मुंजाजी रस्त्याला लागला तशी तिनं हाक मारली.

"मुंजा, तुझ्या मायला सांग. पंचफुला बरी हाय म्हनावं."