मला घंटा म्हणू नका

मी एक जुना ब्रेक ड्रम आहे. ट्रकच्या चाकात बसणारा, कढईएवढा, जाड लोखंडी तुकडा. पेनसिल्वेनियाच्या उतारांवर आठ वर्षं मी कोळशाचा ट्रक थांबवला. मग ट्रकच मोडला आणि मी श्टेफान हुडाक यांच्या भंगाराच्या वखारीत येऊन पडलो.

मित्रांनो, श्टेफानची मुलगी मिलेना संगीत रचत असे. एके दुपारी ती हातोडीने वखारीतलं एकेक लोखंड वाजवून पाहत होती. माझ्यावर टोला पडला आणि ती थबकली.

"बाबा, हा मला हवाय."

"अगं, त्याचं काय लोणचं घालणार आहेस?"

"सिम्फनीत घालणार आहे."

"ने बापडे. पण आईच्या पियानोवर ठेवू नकोस, ओरखडे पडतील!"

त्या वर्षी गावातल्या पोलादाच्या कारखान्यात भट्टी फुटून सात कामगार गेले होते. मिलेनाचा भाऊ पावोल त्यांतलाच. तिच्या सिम्फनीत एका जागी सगळी व्हायोलिनं गप्प होत आणि मी एकटा सात टोले देई.

दोन वर्षांनी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाने ती रचना स्वीकारली. चौतिसाव्या वर्षी मिलेनाला मिळालेली ही पहिलीच संधी. तालमीत मला पाहून वादक खो खो हसले. संचालक पेल्टन म्हणाले, "बाई, रचना सुंदर आहे. हे भंगार तेवढं काढा. तिथे आपण घंटा वाजवू."

"घंटा चालणार नाही."

"मग कार्यक्रमही होणार नाही."

मिलेनाने माझ्यावर हात ठेवला. "माझा भाऊ घंटेखाली नाही मेला, साहेब. लोखंडाखाली मेला."

तिने प्रत्येक वादकापुढून स्वरलिपीचे कागद उचलले, मला काखेत मारलं आणि ट्रामने घर गाठलं.

ती सिम्फनी अखेर कारखान्याच्या बँडने वाजवली, गावात येऊन वसलेल्या आम्हा स्लोव्हाक लोकांच्या सभागृहात. व्हायोलिनं होती दोनच. सातव्या टोल्यानंतर टाळी पडली नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली.

मिलेनाने आणखी चार सिम्फनी लिहिल्या आणि प्रत्येकीत मला जागा ठेवली. मोठ्या वाद्यवृंदाने तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. तीही त्यांच्या दारी गेली नाही.

ती वारल्यावर मला एका संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ठेवलं. 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लागली. एकतीस वर्षं मी मुका होतो. शेवटी पावोलची नात रोझालिया येऊन भांडली.

"वाजवलात तर तडा जाईल," अधिकारी म्हणाले.

"जाऊ दे की! शोभेची बशी आहे का ती?"

मी वाजलो आणि मला तडा गेलाच. आता माझा आवाज थोडा फाटतो. तरी दर हिवाळ्यात रोझालिया मला घेऊन कुठे ना कुठे वाजवते.

मित्रांनो, वाद्य जपायचं असेल तर ते वाजतं ठेवा. आणि मला पुन्हा काचेत ठेवायला कोणी आलंच, तर त्याला सांगा, हा अजून कामावर आहे.