काचेच्या कपाटाबाहेरची गिटार

मित्रांनो, माझ्या डोक्यावर जे नाव लिहिलेलं आहे ते तुम्ही कधी ऐकलं नसेल. मी एक जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लाकडाचे तुकडे एकमेकांना चिकटवून माझं अंग तयार झालं आणि त्यावर लाल रंग चढला. आकार मात्र माझा स्वतःचा नव्हता. एका नावाजलेल्या कंपनीने फार पूर्वी घडवलेल्या गिटारसारखा तो हुबेहूब होता. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी त्या दिवशी रांगेने पुढे सरकत होत्या. एकमेकींकडे बघायलाही सवड नव्हती.

तिथून मी वाद्यांच्या दुकानात आले. मूळ गिटारी तिथे कुलूपबंद काचेच्या कपाटात राहायच्या. मला दाराजवळ टांगलं होतं. येणारं गिऱ्हाईक जाता जाता माझी एखादी तार छेडायचं आणि कपाटाकडे वळायचं.

एके दिवशी दोघं बहीणभाऊ दुकानात आले. बहीण एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिला मी ताईच म्हणेन. तिच्या दादाचा स्वतःचा बँड होता आणि त्याच्याकडे मूळ कंपनीची गिटार होती. लहानपणी तो बाहेर गेला की ताई त्याच गिटारवर गुपचूप बोटं फिरवायची. आता बँडमधली एक जागा रिकामी झाली होती. ती ताईला द्यायला दादा तयार होता, पण त्याची एक अट होती. वाद्य अस्सल हवं. त्यासाठी ताईने पै-पै साठवली होती.

दुकानदाराने कुलूप काढून मूळ गिटार तिच्या हातात दिली. अंगठी काढा, कपड्याचं बटण घासू देऊ नका, असं तो बजावत राहिला. ताई वाजवू लागली, पण श्वास रोखून, खांदे आखडून. दुसऱ्याचं तान्हं बाळ घ्यावं तशी तिने ती धरली होती. मग सहज म्हणून तिने मला मागितलं. दोनचार सुरांतच तिचे खांदे सैल झाले. ती पाय आपटून ताल धरू लागली आणि दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

वाजवून झाल्यावर तिने मला नीट तपासलं. मी काही निर्दोष नव्हते. माझी एक खुंटी कडक फिरायची, आणि मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, कडा बोटांना बोचायच्या. ताईने त्या कडांवरून अंगठा फिरवला. कवळीच्या कडाही ती अशाच बघायची, हे मला पुढे कळलं.

"हिलाच घेते," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला. "चिमे, नक्कल ती नक्कलच."

"दादा, मी दिवसभर नकली दातच बनवते. लोक त्या दातांनी खरंच जेवतात. आणि ती दुसरी हातात घेतली की मला वाजवायचं सोडून जपायचंच सुचतं."

ही गिटार घेऊन माझ्या स्टेजवर येऊ नकोस, असं दादाने तिथल्या तिथे सांगून टाकलं. ताईला लागलं. तरी उरलेल्या पैशांत तिने अँप्लिफायर घेतला आणि मला पाठीवर टाकून ती घरी निघाली.

पहिल्याच सुट्टीत तिने लॅबमधली बारीक कानस आणून माझ्या कडा गुळगुळीत केल्या. खुंटीत तेलाचा थेंब सोडला. मग आमचा रियाज सुरू झाला. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत आम्ही वाजवायचो, आणि पुष्कळदा भात करपायचा. एका बसड्रायव्हरला ड्रम वाजवायचा नाद होता. त्याच्याबरोबर ताईने छोटा बँड काढला. वृद्धाश्रमात, कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये, जिथे कोणी बोलावेल तिथे आम्ही जायचो. मी दोनदा जिन्यावरून पडले. माझ्या रंगाचे टवके उडाले, पण आवाज खणखणीत राहिला.

अशाच एका कार्यक्रमाला दादा येऊन मागच्या खुर्चीवर बसला. कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला. त्याने मला उचललं आणि माझ्या मानेवरून बोटं फिरवली.

"कडा तू घासल्यास?"

"हो."

त्याने कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माझ्या गिटारच्याही बोचतात गं. इतकी वर्षं कोणाला बोललो नाही."

ताई हसत सुटली आणि दादाही हसला. पुढच्या आठवड्यात ताईने त्याच्या गिटारच्या कडा घासून दिल्या. त्यानंतर त्याच्या बँडमध्ये ती वाजवू लागली, तीही मला घेऊनच.

पुढे दादाची बोटं दुखू लागली. त्याने आपली गिटार ताईला देऊन टाकली. ताईने मला कपाटामागे ठेवलं. मी तिला दोष देत नाही, पण वाईट वाटलंच. त्या कोपऱ्यात ओल होती. माझ्या तारा गंजल्या आणि मान वाकली. गंमत म्हणजे, त्या महागड्या गिटारचंही काही बरं चाललं नव्हतं. ताई तिला पेटीतून काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. घरातलं वाजणंच बंद झालं.

मग ड्रायव्हरकाका निवृत्त व्हायला आले. शेवटच्या दिवशी डेपोत वाजवायचं, असं त्यांनी ताईकडून कबूल करून घेतलं. डेपो म्हणजे तेल, धूळ आणि गळकं छप्पर. ताईने पेटी उघडली, बंद केली आणि मग कपाट सरकवून मला बाहेर काढलं. माझी दशा बघून ती मला तशीच दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली.

दुरुस्तीवाला म्हणाला, एवढ्या खर्चात नवीन येईल, हिला टाकून द्या. मित्रांनो, त्या क्षणी मी खरंच घाबरले. स्वस्तात मिळालेल्या वस्तूला टाकायलाही कोणी फार विचार करत नाही.

"नवीन नको. हिच्यावर माझा हात बसलाय," ताई म्हणाली. "तुम्ही मान सरळ करा, बाकीचं मी बघते."

डेपोत आम्ही भर दुपारी, बाहेर पाऊस पडत असताना वाजवलं. बसच्या पायऱ्यांवर बसून कंडक्टर टाळ्या वाजवत होते. छपरातून माझ्यावर थेंब पडला की ताई ओढणीने पुसायची आणि पुढचं गाणं धरायची. काकांनी ड्रम असा काही बडवला की शेवटी त्यांच्या हातातली काठीच मोडली. दादाही आला होता. दुखऱ्या बोटांनी त्याने मांडीवर ताल धरला होता.

आता ताईच्या घरी आम्ही दोन्ही गिटारी भिंतीवर शेजारी शेजारी असतो. दादाच्या गिटारची रिकामी पेटी माळ्यावर गेली. रविवारी दादा येतो, झेपेल तेवढं वाजवतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी साधी वस्तू असेल. ती स्वस्तात मिळाली म्हणून तिची काळजीही स्वस्तात उरकू नका. वापरून झाल्यावर तिला पुसा, ओलीपासून दूर ठेवा, मोडली तर आधी दुरुस्त करून बघा. आणि वस्तू महागाची असेल, तर जपण्याच्या नादात तिला कोंडून ठेवू नका. वाजवा आम्हाला. आम्ही त्यासाठीच घडलो आहोत.