प्रत्येक गाडीत शिट्टी

मिस्त्रीची सगळी मदार कानावर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचं की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय. गिऱ्हाइकं त्यासाठीच गॅरेज शोधत यायची.

एकदा एका गाडीच्या डॅशबोर्डात काहीतरी खुळखुळत होतं. बाहेरचा गलका नको म्हणून मिस्त्री काचा चढवून आत बसला.

"आधी बॅटरीची वायर काढा, दाजी," मेहुणा म्हणाला. गॅरेज दोघांचं, पण मेहुण्याचा सल्ला मिस्त्रीला पचत नसे.

"बॅटरी काढल्यावर गाडी वाजेल का? तू तुझं पंक्चर बघ."

आणि स्टिअरिंगखाली वाकून त्याने टेस्टर लावला तो नेमका एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला. धाडकन एअरबॅग फुटली. वाकला होता म्हणून तोंड वाचलं, पण बंद गाडीतला दणका सगळा कानात शिरला. एअरबॅगच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या मिशा घेऊन तो बाहेर आला, तेव्हा मेहुण्याचे ओठ नुसतेच हलत होते.

"मला काही झालं नाही," मिस्त्रीने एवढ्या मोठ्याने सांगितलं की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं, पण सोबत एक बारीक शिट्टी. पहिल्या गाडीत शिट्टी ऐकली, पट्टा बदलला. दुसऱ्या गाडीतही तीच.

"साथ आलीय," मिस्त्री म्हणाला.

"दाजी, या गाडीचं इंजिन बंद आहे."

"बंद असून वाजतंय, म्हणजे दुखणं जुनं आहे."

घरी येऊन त्याने फ्रिज खोलला, पंखा उतरवला. मग बायकोकडे वळून बघू लागला.

"अहो, माझ्यात कुठं नट नाहीत," ती म्हणाली. "शिट्टी तुमच्या कानात आहे. डॉक्टरकडे चला."

"लोकांना कळलं तर गाडी कोण आणेल?"

"आणि चांगलं इंजिन खोललेलं कळलं तर?"

तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. मिस्त्री दाबत सुटला.

"काका, मशीन अजून चालू केलेलं नाही. बंद गाडीत एअरबॅग फुटली की कानाशी बंदूक उडाल्यासारखंच होतं. लगेच यायला हवं होतं. औषध देते, पण सगळं परत येईलच असं नाही. ऐकू येईल तेव्हाच दाबा."

उजव्या कानात टुकटुक आली. त्याने दाबलं. डाव्यात नुसती शिट्टी. काचेपलीकडून बायको बघत होती. अंगठा वळवळला, पण मिस्त्रीने बटण मांडीवर ठेवलं.

"डाव्यात काही येत नाही, बाई."

परतताना त्याने बायकोला उजव्या बाजूला घेतलं.

"डावीकडून बोललीस तर अर्धंच कळेल मला."

"आजवर कुठं पूर्ण कळत होतं?" ती म्हणाली, आणि उजवीकडून चालू लागली.